मालिका लिहीत नाही, मग चॅनेलमध्ये करता तरी काय?

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या पट्ट्यात मराठी मालिकांची चित्रीकरणे नेहमीच चालू असल्यामुळे आमच्या सोसायटीला मालिकावाल्यांचे अप्रूप उरलेले नाही, तरीही मी चॅनेलच्या कार्यक्रम विभागात नोकरी करते हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "तुम्ही लिहीत नाही, दिग्दर्शन करत नाही, पडद्यावर दिसत नाही, मग करता तरी काय?"

वाचते. निर्मिती संस्थेला चॅनेल दर भागामागे ठरलेली रक्कम देते आणि त्या पैशांत पडद्यावर काय जाणार याची जबाबदारी आमच्यावर असते, म्हणून आधी कथेची वनलाइन, मग पटकथा, मग संवाद आणि शेवटी संकलित भाग अशा प्रत्येक टप्प्यावर आमची मंजुरी लागते. समजा, बुधवारच्या भागात स्वयंपाकघरातल्या एका प्रसंगात सुनेला दिराचे गुपित कळते. प्रसंग उत्तम लिहिलेला असतो. पण ते गुपित रविवारच्या महाएपिसोडसाठी राखलेले असेल, तर मधले तीन दिवस दाखवायचे काय? अशा वेळी लेखकाला "आवडले नाही" असे सांगून भागत नाही. गुपित न फोडताही सुनेचा संशय कसा वाढेल, हे त्याच्याशी बोलून ठरवावे लागते, आणि तेही संध्याकाळच्या आत, कारण दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट लागलेली असते.

दुसरी चिंता बँकेची, म्हणजे तयार भागांच्या साठ्याची. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणे थांबल्यावर हा साठा पाहता पाहता संपला आणि चॅनेलांना जुन्या मालिका पुन्हा दाखवाव्या लागल्या. गुरुवारी येणाऱ्या टीआरपीविषयी सगळेच विचारतात, म्हणून त्याविषयी इथे लिहीत नाही.

या पेशाला ठरावीक शिक्षण नाही. अमेरिकेतले बॅरी डिलर एका कलाकार-प्रतिनिधी संस्थेच्या टपाल विभागात कामाला लागले, तिथून एबीसी वाहिनीत गेले, खास दूरचित्रवाणीसाठी बनवलेले चित्रपट दर आठवड्याला दाखवण्याचा उपक्रम त्यांनी १९६९ मध्ये तिथे रुजवला आणि १९७४ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते पॅरामाउंट या चित्रपट स्टुडिओचे प्रमुख झाले. मला त्या पदापेक्षा टपाल विभाग महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे त्यांनी संस्थेच्या जुन्या फायली वाचून काढल्या होत्या. आपल्याकडे कोणी प्रायोगिक रंगभूमीवरून येते, कोणी जाहिरात संस्थेतून, कोणी सेटवर सहायक म्हणून राबून. पण कंटाळवाणी संहितासुद्धा शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची चिकाटी सगळ्यांनाच लागते.

मुलाखतीला आलेल्या उमेदवारांना मी एक प्रसारित झालेला भाग दाखवते आणि यातला कोणता प्रसंग काढून टाकाल, एवढेच विचारते. बहुतेक जण नायिकेच्या अभिनयावर बोलू लागतात.