खड्ड्याचा माग रंगमंचावर : नेपथ्याच्या वहीतून

विद्यापीठातल्या पोरांच्या नाटकाचे दोन प्रयोग झाले. पहिला त्यांच्याच सभागृहात, दुसरा बेळगावात वडगावच्या विणकर वस्तीत. नेपथ्य तेच, नट तेच, दिवेही जवळपास तेच. नोंदी मात्र इतक्या वेगळ्या निघाल्या की दोन्ही एकत्र लिहून काढणं भाग आहे.

नाटक विणकराच्या घरातलं. बाप खड्ड्याच्या मागावर बसतो, थोरला पॉवरलूमवर कामाला जातो, धाकटी शिकतेय. माग विकायचा की ठेवायचा, एवढ्यावरच सगळी भांडणं.

आधीच्या आराखड्यात मागे रंगवलेले फ्लॅट, म्हणजे कापड ताणलेल्या चौकटी होत्या : भिंत, देवळी, पाच-सहा तसबिरी. पैसे पुरेनात म्हणून त्या गळाल्या. मला तर बरंच वाटलं. आपल्या भागाला रंगवलेल्या पडद्यांचं वेड जुनं आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि ललितकलादर्श नाटक मंडळी उभी राहिली ती १९०८ साली हुबळीत. पण याच मातीत रात्र-रात्र श्रीकृष्ण पारिजात हे लोकनाट्य बघणाऱ्यांचं भिंतीवाचून काही अडत नाही. तेव्हा मागे नुसते काळे पडदे, डावीकडे दाराची रिकामी चौकट, मधोमध माग. बस्स.

खरी गंमत मागाची. विणकर जमिनीलगत बसतो, पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर, म्हणजे पायानं दाबायच्या पट्ट्यांवर. रंगमंचाला खड्डा कोण पाडू देणार? म्हणून आठ बाय चारची, दोन फूट उंच लेव्हल, म्हणजे चौथरा केला, त्याला मधे चौकोनी तोंड ठेवलं. अशी लेव्हल दिसली की समोरून काळं कापड ठोकायचं, हा आपल्याकडचा शिरस्ता. तालमीत ते कापड राहून गेलं होतं. समोरून पाय दिसायला लागले आणि दिग्दर्शिकेनं कापड कायमचं रद्द केलं. वर बाप मुलाला "बघ बाबा तुझं तू" म्हणतोय, खाली पाय थांबलेत. संहितेत नसलेली गोष्ट तिथे दिसायला लागली.

पुढच्या रांगांसाठी तर हा उपायच ठरला. मंच साडेतीन फूट उंच असला की पहिल्या रांगेत बसलेल्याची नजर जेमतेम त्याच्या पातळीला येते. जमिनीवर काढलेली रांगोळी त्यांना दिसतच नाही (पोरांनी ती तरीही दोन्ही वेळा मन लावून काढली). पाय मात्र थेट डोळ्यांसमोर.

ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, पांढरं सूत ओढलंय. समोरच्या पारमध्ये (पार म्हणजे झोताचा दिवा) ते साफ नाहीसं होतं, वर मागचे काळे पडदे राखाडी दिसायला लागतात. विंगेतून, कमरेच्या उंचीवर एक पार आडवा लावला तेव्हा दोरा न् दोरा चमकला. रात्रीच्या प्रवेशात निव्वळ निळा दिला होता, त्यात आईचं तांबडं इरकल काळं ठिक्कर पडलं. थोडा अंबर मिसळल्यावर साडी साडीसारखी दिसली.

आता प्रेक्षक. मी शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसतो आणि मंचाकडे कमी, माणसांकडे जास्त बघतो. वहीत ह म्हणजे हशा, ख म्हणजे खोकला, मो म्हणजे मोबाइलचा उजेड. टाळ्या लिहित नाही. नटांची अर्धी होस्टेल हॉलमध्ये असते, त्या टाळ्यांना काय अर्थ?

विद्यापीठात बाप एकटाच विणत बसतो त्या प्रवेशाला ख नाही, मो नाही. शब्द एकही नसलेला तो तुकडा सगळ्यात धरून ठेवणारा निघाला. थोरल्याच्या लांबलचक स्वगताला मात्र मो, मो, मो. पोरगा बोलतो चांगलं, पण त्या वेळी मंचभर सारखाच उजेड आहे. नजर कुठे टेकवायची ते कुणी सांगतच नाही.

वडगावात त्याच मुक्या प्रवेशाला हशा पिकला. आधी बायकांच्या बाजूनं, मग सगळीकडून. माझ्या पुढचा एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "माग चालवालाय का सायकल मारालाय रे ह्यो?"

कारण साधं होतं. विणताना आधी पावडी दाबायची, ताणा उघडतो. मग त्यातून आडवं सूत घेऊन धोटा जातो. मग हत्या, म्हणजे फणीची चौकट, ओढून फणीनं सूत ठोकायचं. आमचा नट धोटा आधी पाठवत होता आणि पाय आपले वेगळ्याच तालात. विद्यापीठात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. वडगावात दर दुसऱ्या माणसाच्या घरी माग आहे किंवा होता.

पण तिथेच, दाराच्या नुसत्या चौकटीत थोरला हवेवर कडी वाजवतो तेव्हा कुणी हसलं नाही. त्या दारानं आपण खरे आहोत असा दावाच केलेला नाही. मागानं केला होता. पाय उघडे ठेवले की ते खऱ्या पायांसारखेच चालले पाहिजेत. यावर दिग्दर्शिकेशी वाद झाला. तिचं म्हणणं, कापड लावून टाकू. मी म्हणतो, नटाला शिकवा.

पुढे एक दोरा खिळ्यावरून निसटून लोंबायला लागला. नट गांगरला, मग विणणं थांबवून गाठ मारत बसला. हॉलमधून एक म्हातारा आवाज आला, "असू दे, सावकाश जोड." कुणी हसलं नाही. त्या रात्रीच्या पानावर या प्रसंगापुढे कुठलंच अक्षर नाही, मी नुसती रेघ ओढली. प्रयोग संपल्यावर ते आजोबा वर आले, लेव्हलवर बसले आणि नटाला म्हणाले, "पाय आधी, बाळा." आता नट त्यांच्याकडे माग शिकायला जातोय, त्यामुळे कापडाचा वाद तूर्त मिटला.

पुढचा प्रयोग निपाणीला. तिकडे तंबाखूचा बाजार मोठा, त्यामुळे पाय चुकले तरी पकडणारे कमीच असतील. म्हणूनच वहीतल्या त्या पानाची मला उत्सुकता आहे. तोवर लेव्हल मधोमध कापून चार बाय चारचे दोन तुकडे बोल्टनं जोडायचेत, नाहीतर ती टेम्पोत चढत नाही. ताणा काठीला गुंडाळून न्यायचा, सोडून परत ओढायला अख्खी दुपार जाते. तिथल्या विंगा अरुंद आहेत म्हणे. आडवा पार मावतो का, ते आधी जाऊन टेपनं मोजून येतो.