संख्येचं की लिहिण्याचं?

12345678987654321. नऊ वेळा 1 लिहून होणाऱ्या संख्येचा हा वर्ग. आठवीच्या बदली तासाला मुलांकडून तो फळ्यावर उभ्या गुणाकाराने करून घेतला. बदली तासाला धडा पुढे न्यायचा नसतो, म्हणून खरं गणित मला त्यातच शिकवता येतं. मधल्या स्तंभात नऊ एकांची बेरीज 9, त्यामुळे हातचा कुठेच येत नाही. दहा एक घेतले की येतो, आणि वर्ग होतो 1234567900987654321.

तेवढ्यात संगणक शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांनी स्प्रेडशीटवर तोच गुणाकार दाखवला: 12345678987654300. "संगणक चुकत नाही," असं सांगून ते गेले, आणि मुलं फळ्यावरचं उत्तर पुसायला निघाली. याचा मला फार राग येतो. शेवटी 1 असलेल्या संख्येचा वर्ग शून्याने संपेलच कसा? स्प्रेडशीट पहिले 15 अंक जपते आणि पुढे शून्यं भरते, हे संगणक शिकवणाऱ्याला माहीत असायलाच हवं.

मग नऊ एकांच्या संख्येचे अवयव. मागच्या बाकावरच्या एका मुलीने तीन-तीन एकांचे गट पाडले: 111 गुणिले 1001001. त्यातले 111 म्हणजे 3 × 37, आणि 1001001 म्हणजे 3 × 333667. आता 333667 मूळ आहे का? वर्गमूळ 577 च्या जरा पुढे. तिथपर्यंत 106 मूळ संख्या. पण 1001001 चा 3 सोडून कुठलाही मूळ अवयव 18 ने भागला की बाकी 1 च उरते. सिद्धता आठवीला झेपणारी नाही, तसं मुलांना सांगितलं. मग तपासायला उरतात फक्त 17 मूळ संख्या: 19, 37, 73, 109 पासून 577 पर्यंत. रांगांत वाटून दिल्या. एकीनेही भाग गेला नाही. माझ्या वर्गाने हाताने ठरवलं की 333667 मूळ आहे!

म्हणजे वर्ग करून आलेली आपली संख्या 3⁴ × 37² × 333667², तिचे एकूण विभाजक 45. अंकांची बेरीज 81, आणि 81 ने तिला भाग जातो, म्हणून ती हर्षद. हे नाव देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी दिलं. ही संख्या त्यांच्या डेम्लो संख्यांतलीही (1, 121, 12321 अशा चढत-उतरत्या) आहे, आणि डेम्लो हे आमच्या डोंबिवली स्टेशनचं जुनं नाव. रोज तिथूनच गाडी पकडणाऱ्या मुलांना हे कुणीच सांगितलेलं नसतं. पाठ्यपुस्तकात एक ओळ घालायला काय हरकत आहे?

शेवटी फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडे संख्येचे स्वतःचे गुण: विषम, पूर्ण वर्ग, 45 विभाजक. उजवीकडे दहाच्या पायात, म्हणजे 0 ते 9 हे दहा अंक वापरून, लिहिल्यामुळे दिसणारे: उलट वाचली तरी तीच, हर्षद. पाया बदलला की उजवी बाजू पुन्हा तपासायची.

तीच मुलगी म्हणाली, "बाई, पण अवयव तर आपण अंकांवरूनच शोधले ना?"

घंटा झाली, उत्तर राहिलं. घरी आठच्या पायात करून पाहिलं. तिथे नऊ एक म्हणजे आपल्या दहाच्या पायातली 19173961. तसेच गट पाडले की 73 आणि 262657 सापडतात, म्हणजे युक्ती टिकते. वर्ग केला तर मात्र मधल्या स्तंभाआधीच हातचा येतो आणि चढ-उतार मोडतो. मग गट पाडणं रेघेच्या कुठल्या बाजूला लिहायचं? सध्या वाटतंय, तिसरा रकाना लागेल: कुठल्याही पायात चालणारं, पण दर पायात वेगळी संख्या देणारं. ती हे मान्य करेल असं नाही.