पाणी बंद होतंय का, हे आधी बघा

आमच्या सोसायटीत पाण्याची जबाबदारी माझ्याकडे आल्यापासून रात्री दहानंतर फोन वाजला की मी चप्पल पायात सरकवतच तो उचलते. इमारत पुण्यातली, जुनी, चार मजली. लोखंडी पाइप काही ठिकाणी बदललेत, काही ठिकाणी अजून तेच आहेत. पलीकडचं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, ताबडतोब प्लंबर पाठवा." माझा प्रश्नही ठरलेला असतो: पाणी बंद होतंय का?

पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं. पाणी बंद झालं तर बहुतेक कामं सकाळपर्यंत थांबू शकतात. रात्री हार्डवेअरची दुकानं बंद असतात. त्यामुळे प्लंबर जास्तीचे पैसे घेऊन आला तरी बऱ्याचदा पाणी बंद करून "उद्या सामान आणतो" म्हणून जातो. ते बंद करणं आपल्याला घरच्या घरी जमलं पाहिजे, असं मला फार मनापासून वाटतं. विशेषतः एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना.

मागच्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. फ्लशच्या टाकीला जाणारा कनेक्शन पाइप फुटला होता आणि पाणी पॅसेजपर्यंत आलं होतं. त्यांचा आवाज कापत होता. मी म्हटलं, "काकू, कमोडच्या मागे भिंतीला एक छोटी मूठ आहे. अँगल कॉक म्हणतात त्याला. तो उजवीकडे फिरवा." "घट्ट आहे गं." "ओलं फडकं गुंडाळा आणि हळूहळू फिरवा, जोर एकदम लावू नका." अर्ध्या मिनिटाने फोनमधून येणारा पाण्याचा आवाज बारीक झाला आणि मग थांबला. प्लंबर सकाळी आला, नवा पाइप लावून पाऊण तासात गेला. काकूंनी ती रात्र बादलीने फ्लश करून काढली, बाकी काही नुकसान नाही.

बेसिनखाली, सिंकखाली, गिझरपाशी, कमोडमागे असे कॉक असतात. पण जुन्या इमारतींत अख्ख्या फ्लॅटचं पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह घरात नसतो, तो गच्चीवर टाकीजवळ असतो. तिथे एका रांगेत सारखेच दिसणारे पाइप उतरतात आणि कुठला कुणाचा हे फक्त जुन्या वॉचमनला माहीत असतं. आम्ही एका रविवारी एकेक व्हॉल्व्ह बंद करत, खालून फोनवर "आमचं गेलं, आमचं गेलं" असं ऐकत, प्रत्येकावर ऑइल पेंटने फ्लॅट नंबर लिहिले. स्वयंपाकघराची लाइन वेगळी, बाथरूमची वेगळी, तेही लिहिलं. वर्षानुवर्षं न फिरवलेला गेट व्हॉल्व्ह (गोल चाकाचा) गरजेच्या वेळी हमखास अडकतो किंवा त्याचा स्पिंडल, म्हणजे चाकाखालचा आस, तुटतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा बंद करून उघडायचा. बदलायची वेळ आली की दांडीचा बॉल व्हॉल्व्ह लावून घ्या. पाव फेऱ्यात बंद होतो आणि दांडी पाइपाला आडवी दिसली की बंद आहे हे लांबूनही कळतं.

थांबू शकणाऱ्या गोष्टींबद्दल फार लिहीत नाही. नळ ठिबकतो तो बहुधा वायसर गेल्यामुळे. धार बारीक झाली तर नळाच्या तोंडाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजवा, बोअरचं पाणी असेल तर क्षार साचलेलाच असतो. पुण्यात अनेकदा दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद असतं, त्यानंतर शुक्रवारी नळ नुसता फसफसला तर पाइपात हवा अडकलेली असते, थोडा वेळ नळ उघडा ठेवला की बहुधा निघून जाते. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममधून वास येत असेल तर जाळीत दोन तांबे पाणी ओता. जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवायला पाणी साठून राहतं त्या भागातलं, पाणी सुकलं की गटाराचा वास सरळ घरात येतो.

छतातली ओल मात्र नीट बघावी लागते, कारण त्यावरून शेजाऱ्यांत वर्षानुवर्षांची भांडणं होतात. वरच्यांनी दिवसभर बाथरूम वापरलं नाही, नळही सगळे बंद होते, तरी ठिबकणं चालूच असेल तर भरलेल्या पाइपात गळती असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी वरच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद करून बघा. फक्त आंघोळीच्या वेळी ठिबकत असेल तर ट्रॅपचा जॉइंट किंवा फरशीच्या सांधी बघायच्या. हे आठवडाभर कागदावर वेळेसकट लिहून ठेवा, प्लंबरची अर्धी तोडफोड वाचते.

आता ज्या गोष्टींसाठी रात्री दोन वाजताही फोन करायचा त्या. व्हॉल्व्ह बंद करूनही पाणी थांबत नसेल तर. पाणी पंख्यातून, दिव्यातून किंवा स्विचबोर्डमधून उतरत असेल तर आधी मेन स्विच बंद करा. पण मेनपाशी पाणी साचलं असेल किंवा बोर्ड ओला असेल तर त्याला हात लावू नका, वीज कंपनीला फोन करा. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ते काम इलेक्ट्रिशियनचं. गिझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं पाणी ठिबकणं ठीक आहे, पाणी तापलं की प्रसरण पावतंच. पण वाफ किंवा उकळतं पाणी जोरात येऊ लागलं तर वीज बंद करून माणूस बोलवा. आणि कुणी "टपटप नको" म्हणून त्या व्हॉल्व्हला बूच मारायला सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. दाब बाहेर पडायला तीच एक वाट असते, ती बंद झाली तर टाकी फुटू शकते.

तळमजल्यावर न्हाणीच्या जाळीतून घाण पाणी वर येत असेल आणि वरच्यांनी पाणी सोडल्यावर ते वाढत असेल तर चोकअप तुमच्या घरात नाही, मुख्य लाइनमध्ये किंवा बाहेरच्या चेंबरमध्ये, म्हणजे झाकणाखालच्या ड्रेनेजच्या खड्ड्यात, आहे. सगळ्या मजल्यांना पाणी वापरणं थांबवायला सांगा आणि जोराच्या पाण्याने लाइन मोकळी करणारी जेटिंगची गाडी बोलवा. कितीही घाई असली तरी चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. आतल्या विषारी वायूने क्षणात जीव जातो, आणि 2013 च्या कायद्याने अशी धोकादायक सफाई करून घेणं गुन्हा आहे. आमच्या बैठकीत यावर एकदा वाद झाला होता, तेव्हा मी हे वाक्य मिनिट्समध्ये लिहूनच घेतलं.

प्लंबरला फोन करताना पाइप लोखंडी आहे की प्लास्टिकचा ते सांगा, फोटो पाठवा, यायचे किती घेणार ते आधी विचारा. तुंबलेल्या पाइपात तुम्ही ॲसिड ओतलं असेल तर तेही न लाजता सांगा, नाहीतर पाइप उघडताना ते त्याच्या तोंडावर उडेल. ॲसिडने झालं नाही म्हणून वर ब्लीच ओतू नका, दोन्ही मिळून क्लोरिन वायू तयार होतो. चुकून ओतलंच असेल तर सगळ्यांना घेऊन बाथरूमबाहेर पडा, दार लावा आणि इतर खोल्यांच्या खिडक्या उघडा.