भरतीरेषेच्या मागची जमीन

समुद्रकाठची जमीन राखणाऱ्या संस्थेत काम करते म्हटलं की समोरचा माणूस हमखास कासवांबद्दल विचारतो. वर्षभरात मी एकही कासव पाहिलेलं नाही. पाहिली ती खरेदीखतं, पिवळे पडलेले मोजणी नकाशे, हद्दीचे गंजलेले लोखंडी खुंट आणि गुडघाभर चिखल. संस्था छोटी आहे. पगारी माणसं मोजकी, बाकी सगळा भार स्वयंसेवकांवर. माझ्या वाट्याला देखरेखीचं काम आलं.

आमच्यासारख्या संस्था जमीन दोन प्रकारे राखतात. एक सरळ रस्ता, विकत घेऊन किंवा दान म्हणून स्वीकारून. दुसरा प्रकार मला नवीन होता. जमीन मालकाचीच राहते, तो तिथे राहतो, कसतो, पण बांधकाम करण्याचा आणि तुकडे पाडून विकण्याचा हक्क तो कायमचा सोडून देतो. तसा करार नोंदवला जातो. पुढे जमीन विकली, मुलांच्या नावावर झाली, तरी अट जमिनीबरोबर जाते. सही करणारा मालक सहसा भला असतो. भांडण होतं ते तिसऱ्या मालकाशी, ज्याने अट नीट वाचलेलीच नसते आणि ज्याला अचानक बोटीसाठी शेड हवी असते.

म्हणून करार होतानाच जमिनीची एक फाइल बनते. कुंपण कुठे, पायवाट कुठे, छप्पर किती मोठं, सगळं नोंदवायचं आणि ठरावीक बिंदूंवर उभं राहून ठरावीक अंशात फोटो काढायचे. मग दर वर्षी तिथेच जाऊन, तसंच उभं राहून, तोच फोटो. कंटाळवाणं काम आहे. पण प्रकरण कोर्टात गेलं तर आमच्याकडे हेच फोटो असतात, दुसरं काही नसतं.

एका खाजणाकाठच्या, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाऱ्या दलदलीकाठच्या, जमिनीचा सातवा बिंदू शोधताना मी चक्रावले. फाइलमधल्या फोटोत झाडांची सावली, खाली सुक्या पानांचा थर. हातातलं जीपीएस मला जिथे उभं राहा म्हणत होतं तिथे ओला चिखल होता, खेकड्यांची बिळं होती आणि साल गळालेले, पांढरे पडलेले बुंधे उभे होते. झाडं कुणी तोडली नव्हती. उधाणाचं खारं पाणी मुळांपर्यंत पोचायला लागलं की मोठी झाडं उभ्या उभ्या वाळतात, रोपं तर धरतच नाहीत, आणि मोकळ्या झालेल्या जागेत खाजणाचं गवत शिरतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अशा वठलेल्या रानांना भुतांची रानं म्हणतात. मी चिखलात उभी राहून फोटो काढला आणि शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं याचा बराच वेळ विचार केला. अट मोडलेली नव्हती. मालकाने काहीच केलं नव्हतं.

अशा जमिनीची हद्द कुठे संपते, हा प्रश्न जुना आहे. इ.स. ५३३ मध्ये रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायदेग्रंथात समुद्रकिनारा सगळ्यांचा मानला आहे, आणि हिवाळ्यातली सर्वांत मोठी लाट पोचते तिथवर किनारा. अमेरिकेत बहुतेक राज्यांत सरासरी भरतीची रेषा धरतात, आणि ती सरासरी १९ वर्षांची काढतात, कारण चंद्राच्या कक्षेचं एक चक्र पुरं व्हायला १८.६ वर्षं लागतात. हिशेब चोख आहे. फक्त ती रेषा जागेवर राहत नाही. समुद्र हळूहळू आत आला की हद्दही आत येते. कागदावर एकर तेवढेच, पायाखाली कमी.

खाजण बिचारं आपल्या परीने तग धरतं. गवत भरतीच्या पाण्यातला गाळ अडवतं, मुळं कुजून थर साचतो, आणि जमीन वर्षाला काही मिलिमीटर वर येते. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटर वाढली. त्यातल्या २००६ नंतरच्या काळात वर्षाला ३.७ मिलिमीटर या वेगाने. जिथे गाळ भरपूर तिथे खाजण या शर्यतीत टिकतं. जिथे नद्यांवर धरणं झाली, गाळ आटला, तिथे त्याला एकच वाट उरते, मागे सरकायची. मागे रस्ता असेल, भिंत असेल, बंगला असेल तर खेळ खलास.

माझं मत या वर्षात पक्कं झालं ते इथे. आपण आज सुंदर दिसणारी जमीन राखतो, आणि राखायला हवी ती उद्या खाजण होणारी. ती आज बहुधा पडीक शेत असते, पाणथळ, डासांनी भरलेली. तिच्यासाठी कोण पैसे देणार? आमच्याकडे एकाच वेळी दोन प्रस्ताव होते. एक कड्यावरचा माळ, खाली फेसाळता समुद्र. त्याचे पैसे देणगीदारांनी बघता बघता उभे केले. दुसरं खाजणामागचं सखल शेत. त्याच्या माहितीपत्रकावर कुठला फोटो छापायचा यावरच बैठक अडली. देखावा खपतो, चिखल खपत नाही.

तसं पाहिलं तर या सगळ्या चळवळीची सुरुवातच कड्यांपासून झाली. ब्रिटनचा नॅशनल ट्रस्ट १८९५ साली स्थापन झाला, आणि त्याला मिळालेली पहिली जमीन म्हणजे वेल्समधल्या बार्मथ गावावरचा समुद्राकडे पाहणारा डोंगरउतार, डिनस ओलाय. १९६५ पासून त्यांनी किनारे विकत घेण्यासाठी खास निधीच उभारला. त्या लोकांबद्दल मला आदर आहे, नाहीतर तिथे काय काय उभं राहिलं असतं. पण मला जास्त जवळचं वाटतं ते इसेक्समधलं ॲबट्स हॉल फार्म. तिथे २००२ मध्ये एका निसर्गसंस्थेने स्वतःच्याच शेताचा समुद्रबांध पाच ठिकाणी फोडला आणि पाणी आत घेतलं, खाजण व्हावं म्हणून.

आमच्या सखल शेतालाही बांध होता. मालक वृद्ध, बोलायला मोजके. मी नकाशे पसरून बरंच काही समजावलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "माझ्या वडिलांनी हा बांध घालून समुद्र बाहेर ठेवला. तू तो आत घ्यायला आलीस, आणि मी सही करू?" याला उत्तर नव्हतं. मी पाणी प्यायले आणि नकाशे गुंडाळले.

पुढे त्यांनीच फोन केला. जमीन द्यायला तयार होते, पण त्यांच्या हयातीत बांधाला हात लावायचा नाही, हे कागदावर हवं होतं. विश्वस्तांच्या बैठकीत यावर चांगलीच जुंपली. अनुदान देणाऱ्यांना ठरलेल्या मुदतीत खाजण हवं होतं, वकिलांना अट मोघम वाटत होती, एका विश्वस्ताने तर थेट विचारलं की वाट कशाची बघायची. मला तो प्रश्न आवडला नाही. शेवटी अट मान्य झाली, आणि ते बरं झालं असं मला वाटतं. तसाही त्या बांधातल्या पाइपाची झडप नीट बसत नाही. उधाणाला पाणी आत येतं आणि शेताच्या खालच्या कोपऱ्यात खाऱ्या जमिनीत येणाऱ्या वनस्पती दिसू लागल्या आहेत. आम्ही काहीही केलेलं नाही.

उन्हाळ्याचे महिने मात्र पुळणीवर गेले. चिखल्या पक्षी उघड्या वाळूतल्या खळग्यात अंडी घालतात, ती वाळूच्याच रंगाची असतात, म्हणून दोऱ्यांचं कुंपण घालून लोकांना बाजूने जायला सांगायचं. वाळूच्या टेकाडांवरच्या गवताचंही तेच. वाळूखाली गाडलं गेलं की ते आणखी जोमाने वर येतं, वादळ पचवतं, पण रोजच्या पावलांनी मरतं. कुत्रेवाल्यांशी वाद घालायची मला आता सवय झाली आहे. "आमचा काही करत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कुत्र्याकडे न बघताच मान डोलावते.

काम सोडलेलं नाही. शेताची नोंदणी झाली, आता त्याची पहिली फाइल मला करायची आहे. फोटोचे बिंदू सगळे चढाच्या बाजूला घेतलेत, पुढे येणाऱ्याला चिखलात उभं राहायला लागू नये म्हणून. तोवर मला मांडीपर्यंतचे बूट हवेत. अर्ज दिलाय, आमचे हिशेबनीस विचारतात की जुन्यांना काय झालं.