चौकोनी काडी

परवा दुपारी पुदिना निवडत बसले होते. पानं खुडून झाली की उरलेली काडी दोन बोटांत धरून फिरवायची मला खोड आहे. ती नीट फिरत नाही, दर पाव गिरकीला अडते, कारण पुदिन्याची काडी चौकोनी असते. हा चाळा घरात सगळ्यांना ठाऊक आहे, भाजीवालीलासुद्धा. "घ्यायचाय का नुसता कुरवाळायचाय?" असं तिनं एकदा तोंडावर विचारलं होतं.

कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्रातलं एवढंच माझ्याजवळ उरलंय. काडी चौकोनी, पानं समोरासमोर, फुलाला ओठ, की समजावं, हे तुळशीचं गणगोत. सब्जा त्यातला, पानओवा त्यातला, 7,000हून जास्त जातींचा गोतावळा आहे. भाची इंग्लंडात असते. तिकडे कुंपणाच्या कडेला 'डेड नेटल' नावाचं रोप उगवतं. पानं थेट आग करणाऱ्या नेटलसारखी, पण डसत नाही. तिनं घाबरत घाबरत पांढऱ्या फुलांचा फोटो पाठवला. मी म्हटलं, फुलाला ओठ आहेत ना? मग आपल्यातलंच आहे, धर बिनधास्त.

आमच्यातलं म्हणजे खरं तर दीपमाळ. गावी देवळासमोर दगडी दीपमाळ होती आणि देवळामागं, उकिरड्यालगत, ही दुसरी. माणसाच्या डोक्यावर जाणारी सरळसोट काडी, आणि लाडवांतून काठी आरपार घालावी तसे तिच्यावर थोड्या थोड्या अंतरानं काटेरी गोंडे. पाऊस ओसरला की गोंड्यांतून केशरी नळ्या बाहेर यायच्या. वरच्या ओठावर मखमली लव. मूळ आफ्रिकेतली म्हणतात, शास्त्रातल्या तिच्या नावाचा अर्थ 'सिंहाचा कान'. असेल. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं त्रिपुरी पौर्णिमा पाहिली नसणार.

ही दीपमाळ खालून पेटते. आधी तळचा गोंडा फुलतो, मग त्याच्या वरचा. शेंड्याला केशर चढेपर्यंत खालचे गोंडे वाळून तपकिरी झालेले असतात. मी नि दादा पैज लावायचो, उद्या कुठला पेटणार. दादा मोठा, त्यामुळे नेहमी खालचा गोंडा तो आधी मागून घ्यायचा आणि जिंकायचा. हे लबाडीचं गणित मला पाचवीत उमगलं. पैजेचं बक्षीस म्हणजे फूल उपटून बुडातला मध चोखणं. थेंबभरही नसे, त्यातही शिंजीर आमच्याआधी येऊन गेलेला असायचा. बाक असलेली चोच नळीत घालून तो सगळं आटपून जाई आणि आम्ही उगाच बोटं टोचून घेत बसायचो. कोणाला भाजलं की आजी वाळका गोंडा जाळून त्याची राख लावायची. गुण यायचा की तिच्या फुंकरीनं बरं वाटायचं, देव जाणे.

मध्यंतरी हौसेनं मी गावाहून बी आणून गॅलरीत लावली. पेरायला अक्कल लागत नाही, कुठल्याही मातीत रुजते. सासूबाई म्हणाल्या, "रान कुणी कुंडीत लावतं का गं?" झाड पाच फूट झालं, कलंडलं, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या साडीत गोंडे अडकले. पुढचं सांगत नाही.

तर पुदिना तसाच ठेवून दादाला फोन लावला. म्हटलं, "दीपमाळ आठवते का रे?"

"कुठली? देवळापुढची की उकिरड्यावरची?"

"दोन्ही."

"पुढचीला आता विजेची माळ गुंडाळलीय."

"आणि मागची?"

"आहे की. तिला कोण हात लावतंय, टोचते ती."