साडेनऊ ठोकळ्यांचा दांडा

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. गेल्या वर्षी त्या सुमारास मी दुसरीच्या वर्गासाठी, पदरचे पैसे घालून, दशक-एकक शिकवण्याचा एक प्लास्टिकचा संच मागवला. त्यात शंभर सुटे ठोकळे, दहा-दहा खुणांचे दहा दांडे आणि शंभराची एक चौकोनी पाटी होती. पहिल्याच तासाला मी मुलांचे गट केले आणि दांड्याशेजारी सुटे ठोकळे ओळीने मांडून किती बसतात ते पाहायला सांगितले. उत्तर मला ठाऊक होते, म्हणून मी फळ्यावर तारीख लिहायला वळले. मागून खिडकीजवळच्या मुलाचा आवाज आला, "मॅडम, हा दहावा तर बाहेर येऊन राहिला जी." ठोकळे नीट एकमेकांना भिडवून मांड, असे मी त्याला न पाहताच सांगितले. त्याने पुन्हा मांडले, आणि दहावा ठोकळा पुन्हा अर्धा बाहेर राहिला.

घरी आल्यावर मी फूटपट्टी लावली. दांडा बरोबर 20 सेंटीमीटरचा होता आणि सुटा ठोकळा 2.1 सेंटीमीटरचा. म्हणजे या संचात दहा एककांचा एक दशक होत नव्हता, साडेनऊंचा होत होता. विक्रेत्याला कळवले, तेव्हा एवढा फरक मुलांच्या लक्षात येत नाही असे उत्तर आले आणि संच माझ्याकडेच राहिला. फरक मुलांच्याच लक्षात आला होता. माझ्या आला नव्हता, हे मी त्यांना कळवले नाही.

या प्रसंगानंतर शैक्षणिक खेळणे निवडताना मी एकच गोष्ट पाहू लागले: मूल चुकले, तर ते मी सांगण्याआधी खेळणे सांगते का, आणि सांगताना नुसते 'चूक' म्हणते की किती चुकले आणि कोणत्या बाजूला चुकले हेही दाखवते. ही कसोटी माझी नाही. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, आणि त्यांच्या पद्धतीतील बहुतेक साधने याच तत्त्वावर उभी आहेत. दट्ट्यांच्या पेटीत दहा लाकडी दट्टे आणि त्यांच्या मापाची दहा भोके असतात. एक दट्ट्या चुकून मोठ्या भोकात गेला, तर त्या क्षणी काहीच बिघडत नाही. पण शेवटी हातात एक जाडा दट्ट्या आणि समोर एक बारीक भोक उरते. मग मूल स्वतःच मागे मागे जात शोधते. शिक्षकाने तिथे गप्प बसायचे असते, आणि हे गप्प बसणे मला पंधरा वर्षांच्या नोकरीनंतरही पुरते जमलेले नाही.

मॉन्टेसरी साधने महाग असतात ही तक्रार आजची नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या आदिवासी भागात नेले, तेव्हा त्यांनी बिया, शंख-शिंपले, पाने, खडे अशी आसपास मिळणारी साधने वापरली. याचा अर्थ आपल्याकडे अनेकदा 'टाकाऊतून टिकाऊ' असा घेतला जातो आणि शाळाशाळांत थर्माकोलचे तुकडे डकवलेले तक्ते भिंतीवर चढतात. तक्ता भिंतीवर गेला, की त्याला मुलाचा हात लागत नाही, आणि हात न लागणारी वस्तू कोणालाही त्याची चूक सांगू शकत नाही. स्वस्त असणे हा गुण खराच, पण तो दुय्यम आहे.

माझ्या वर्गातील सर्वांत उपयोगाचे साधन म्हणजे गणितमाळ. हल्ली ती जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत दिसते, पण पालकांना सहसा माहीत नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. दोन रंगांचे शंभर मणी, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, या क्रमाने नायलॉनच्या दोरीत ओवायचे आणि दोरी वर्गात मुलांच्या हाताच्या उंचीवर दोन खिळ्यांना ताणून बांधायची. मणी सरकण्यासाठी दोरीवर हातभर जागा मोकळी हवी. ती न ठेवल्यामुळे माझी पहिली माळ नुसती शोभेची झाली. मणी बोराएवढे असावेत. बारीक मणी मोजताना बोटे दोन-दोन मण्यांवर पडतात आणि चूक मुलाची आहे की मण्यांची हे कळत नाही. मी नागपूरच्या इतवारी बाजारातून मणी वजनावर घेतले. घरच्या एका माळेला दोनशे रुपयांच्या आतच खर्च आला.

खरी खुबी चिमटा लावण्यात आहे. 34 दाखवायचे तर पुष्कळ जण, आणि सुरुवातीला मीही, चौतिसाव्या मण्यावरच 34 चे कार्ड अडकवतात. मग मुलाच्या मनात 34 म्हणजे तो एकटा मणी होऊन बसतो. चौतीस मणी एका बाजूला सरकवून, त्यांच्यानंतरच्या फटीत कपड्यांचा चिमटा लावला, की 34 म्हणजे चिमट्याच्या अलीकडचा सगळा ऐवज, हे न सांगता दिसते. फरक चिमट्याभराचा आहे, पण पुढची वजाबाकी त्यावर उभी राहते. 52 आणि 38 यांतील अंतर काढताना मूल 38 वरून दोन मणी सरकून 40 ला येते, एक पूर्ण रंग ओलांडून 50 ला जाते, आणखी दोन घेते, आणि चौदा म्हणते. हातच्याची वजाबाकी नंतर शिकवावी लागतेच. पण तीत 52 वजा 38 चे उत्तर 26 आणणारे मूल माळेकडे एक नजर टाकून स्वतःच ते खोडते.

सुरुवातीला सगळी मुले पहिल्या मण्यापासून मोजतात, आणि त्यांना मोजू द्यावे. दिवाळीच्या आसपास एकदा 98 दाखवायला सांगितले, तेव्हा एक मुलगी माळेच्या दुसऱ्या टोकाला गेली, शंभराकडून दोन मणी मागे आली आणि तिने चिमटा लावला. वर्गात क्षणभर शांतता झाली, कारण असे चालते का याविषयी कोणालाच खात्री नव्हती. एकाने मग पहिल्यापासून सगळे मणी मोजून पाहिले आणि ते बरोबर अठ्ठ्याण्णव भरले.

याच माळेने मराठी संख्यानामांचे एक कोडे माझ्यासाठीही सोडवले. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास या नावांतील 'एकोण' म्हणजे एकाने ऊन, एक कमी. इतकी वर्षे मी ही नावे घोकून घेत होते. माळेवर एकोणचाळीस म्हणजे रंग बदलतो त्या सांध्यापासून एक मणी मागे. भाषा आणि माळ तिथे एकच गोष्ट बोलतात. मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी एकोणऐंशी आणि एकोणनव्वदपर्यंत धडाधड चिमटे लावले आणि शेवटी विचारले, की मग 99 ला एकोणशंभर का नाही म्हणत. आपण नव्याण्णव म्हणतो, एवढेच मला सांगता आले.

मात्र संख्यानामांच्या बाबतीत माझी कसोटी एका जागी अडते. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, पण लिहिताना दोन आधी येतो. त्यामुळे माळेवर पंचवीस अचूक दाखवणारे मूल वहीत 52 लिहिते, आणि बिचारी माळ त्याबद्दल काही बोलू शकत नाही. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच', 'साठ तीन' असे जोडून वाचण्याची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांना जोडाक्षरांची आणि उलट क्रमाची नावे जड जातात, हे कारण परोपरीने सांगितले. पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत फार थोडे लोक होते. पंचवीस हा शब्द मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही, पण 'वीस आणि पाच' ही पायरी मुलाला मध्ये दिली, तर मराठी बुडते असे मला वाटत नाही. त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर यांत गोंधळलेले मूल समोर बसलेले पाहिले असते, तर थट्टा करणाऱ्यांपैकी निम्मे तरी गप्प राहिले असते.

या चुकीवर एकावर एक ठेवण्याची कार्डे चालतात. 10, 20 ते 90 ही लांब कार्डे आणि 1 ते 9 ही त्यांच्या निम्म्या लांबीची. लांब 20 च्या शून्यावर आखूड 5 ठेवला, की 25 तयार होतो, आणि पाचाखाली शून्य दडलेले आहे हे कार्ड उचलून पाहता येते. पंचवीस ऐकून 50 आणि 2 उचलणारे मूल ती कार्डे माळेखाली नेऊन धरते आणि पन्नास मण्यांपाशी आपोआप थबकते. जुन्या लग्नपत्रिका यासाठी उत्तम. त्यांचा कागद जाड असतो आणि नागपुरात लग्नसराईनंतर त्यांचा तुटवडा कधीच नसतो.

पालक मला सर्वांत जास्त विचारतात ते बोलणाऱ्या खेळण्यांविषयी आणि मोबाइलवरील खेळांविषयी. बरोबर उत्तराला टाळ्या आणि चुकीच्या उत्तराला भोंगा, एवढेच ज्यात आहे, ते मी घेऊ नका म्हणते. भोंगा चूक झाली हे सांगतो. दट्ट्या किती झाली हे दाखवतो. भोंग्यावर चार पर्यायांपैकी उरलेले तीन दाबून पाहणे हे मुलाच्या दृष्टीने अगदी शहाणपणाचे आहे, आणि मुले तेच करतात.

थंडीत संत्र्याचा आंबिया बहार बाजारात आला, की माझ्या वर्गात अंदाजाचा तास होतो. प्रत्येकाने न सोललेल्या संत्र्यात किती फोडी असतील ते वहीत लिहायचे, मग सोलून मोजायचे आणि फरक शेजारी मांडायचा. पहिल्या दिवशी वीस, पंचवीस असे आकडे येतात. तिसऱ्या दिवशी बहुतेक अंदाज दहाच्या आगेमागे असतात. हँगरला दोन नारळाच्या करवंट्या टांगून केलेला तराजूही त्याच आठवड्यात निघतो. करवंट्या हँगरच्या मधल्या आकड्यापासून समान अंतरावर टांगल्या नाहीत, तर मोकळा तराजूही कलतो आणि खोटे बोलतो, म्हणून तोलण्याआधी तो रिकामा धरून पाहायचा, हा नियम मुलांनीच घातला. साडेनऊ ठोकळ्यांच्या दांड्याची आठवण त्यामागे असावी, असा मला संशय आहे.

अर्थात, सगळी खेळणी या कसोटीला लावणे हा अन्याय होईल. भातुकलीत चूक नावाची गोष्टच नसते. तिथे वाळूचा भात आणि पाल्याची भाजी, जशी होईल तशी चविष्टच असते, आणि मोठ्यांनी 'किती वाट्या झाल्या?' असे विचारत त्यात गणित घुसवू नये. चित्रांचे आणि मातीकामाचेही तसेच.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल मात्र मला दोन्हीकडे बसणारा वाटतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवण्याची ही प्रथा नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी सुरू केली असे सांगतात, आणि तिच्यासाठी आमच्याकडे महाल-इतवारीच्या रस्त्यांवर आठवडाभर आधी बैलांच्या रांगा लागतात. माझ्या भाच्याने गेल्या वर्षी आणलेला बैल देखणा होता, पण ओढला की डावीकडे जायचा. दुसरा आणू, असे त्याचे बाबा म्हणाले. भाचा ऐकेना. त्याने बैल उलटा केला, चाके एकेक करून फिरवली आणि डाव्या बाजूचे पुढचे चाक पायाला घासते हे शोधून काढले. चाक आणि पाय यांच्यामध्ये त्याने आधी कागदाची घडी घालून पाहिली. ती दोन फेऱ्यांत फाटली. मग जुन्या चपलेच्या रबराची चकती कापून घातली, तर चाक फिरेचना. तिसरी चकती पातळ कापली. संध्याकाळी बोजारा, म्हणजे बैल घरोघरी नेल्यावर मिळणारे पैसे, मागायला गल्लीत निघाला, तेव्हा बैल बराचसा सरळ चालत होता; किंचित उजवीकडे जायचा, पण ते त्याने पुढच्या वर्षावर ठेवले आहे. बोजाऱ्याचे 140 रुपये त्याने घरी येऊन दहा-दहाच्या ढिगांत मोजले आणि एक ढीग नऊचा निघाला म्हणून सगळे पुन्हा मोजले.