वॉर्डातल्या मावशी

अण्णांना घरी आणून आज आठ दिवस झाले, पण वॉर्डातल्या मावशी काही डोक्यातून जात नाहीयेत, म्हणून लिहून ठेवते.

सरकारी हॉस्पिटल, हर्नियाचं ऑपरेशन. पहिल्या दिवशी केसपेपरसाठी ही खिडकी, ती खिडकी, परत पहिली, कोणी मान वर करून धड बोलेना, मला रडायलाच आलं होतं. वॉर्डात पोचलो तर फरशी पुसणाऱ्या मावशींनी फडकं बादलीत टाकलं, हात पुसले आणि अण्णांना म्हणाल्या, "बाबा, आधी टेका जरा." मग मला एका दमात सगळं सांगितलं, गरम पाणी खाली कँटीनच्या मागं, सहानंतर मिळत नाही, सलाईन संपत आली की नळीला हात लावायचा नाही, सिस्टरला हाक मारायची, आणि रात्री चटई खिडकीपाशी टाकू नको, वारं लागतं.

दुसऱ्या रात्री शेजारच्या बेडवरच्या आजोबांची चादर ओली झाली. बिचारे भिंतीकडे तोंड करून पडलेले, लाजेनं डोळे मिटून. मावशी आल्या, बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सलाईन गळाली वाटतं, थांबा बाबा, बदलते." बस्स. आजोबांनी डोळे उघडले.

हे सगळं एक शिकाऊ डॉक्टर दारात उभा राहून बघत होता. आदल्या दिवशी याच आजोबांवर तो "किती वेळा सांगायचं" म्हणून ओरडला होता. सकाळी राऊंडला आला तर वाकून हळू आवाजात म्हणाला, "आजोबा, पोट दाबतोय हं, दुखलं तर सांगा." चौथ्या दिवसापर्यंत तर आम्ही नातेवाईकच नवीन येणाऱ्यांना गरम पाण्याचं सांगायला लागलो होतो, कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णा अमरावतीकडचे. 1956 साली गाडगेबाबा गेले तेव्हा ते चार वर्षांचे, त्यामुळे आठवत काहीच नाही, पण घरी आजोबांनी सांगितलेलं पाठ आहे, की बाबा गावात आले की आधी स्वतः खराटा घेऊन झाडायला लागायचे, झाडा म्हणायचे नाहीत, आणि बघता बघता लोक मागं यायचे, रात्री मग कीर्तन. मावशींना बघून अण्णांना तेच आठवलं. मला विचाराल तर तो वॉर्ड मावशीच चालवत होत्या.

ऑफिसात माझ्या हाताखाली सहा जण आहेत. त्यातल्या एकाची आई महिनाभर आजारी होती, हे मला त्याच्या रजेच्या अर्जावरून कळलं. हे खूप लागलंय मला.

डिस्चार्जच्या दिवशी मावशींची सुट्टी होती, भेट झाली नाही. आज दुपारी त्या मुलाला फोन केला, कामाचं काही नाही, फक्त आई कशी आहे विचारलं. दोन सेकंद गप्प राहिला आणि मग वीस मिनिटं बोलत होता.